औषधाचं दूध

डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलं, वहिनींनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि तिथून बाहेर पडून त्या सरळ घरी आल्या. सुनेनं वाटेत पुन:पुन्हा विचारलं, "आई, आपण उलटं का चाललोय?" त्यावर वहिनींचं एकच उत्तर, "धारेची वेळ झाली." जणू हॉस्पिटल हे धारा काढून झाल्यावर फावल्या वेळात उरकायचं काम होतं.

अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं. ठणका कमी व्हावा म्हणून उजवा हात त्यांनी छातीशी उभा धरला होता, त्यामुळे फाटकातून आत येताना त्या साऱ्या घराला 'झकास चाललंय' अशी खूण करत आल्यासारख्या दिसल्या. झकास काहीच चाललं नव्हतं. बादलीच्या कडेनं कापलेला अंगठा आधी लाल झाला, मग सुजला, मग कोपरापर्यंत ठणकायला लागला. दोन तऱ्हेच्या गोळ्या घेऊन झाल्या, एकीनंही गुण आला नाही. आता हॉस्पिटलात राहून शिरेतून इंजेक्शनं घ्यायची होती. उशीर झाला आणि दुखणं हाडापर्यंत गेलं, तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"काढावा लागेल, पण आज नाही ना?" वहिनी चपला काढता काढता म्हणाल्या. "मग आधी बाईसाहेबांचं बघते."

बाईसाहेब म्हणजे गोठ्यातली पांढरी गाय. बाकीच्या तिघी मिळून देत नाहीत एवढं दूध ती एकटी द्यायची, आणि त्याची तिला पुरेपूर जाणीव होती. वहिनींखेरीज कुणी कासेला हात लावलेला तिला खपत नसे. आज सकाळी धाकट्यानं, म्हणजे वहिनींच्या दिरानं, तसा प्रयत्न करून पाहिला होता. तो आता गुडघ्यावर गरम फडकं धरून स्वयंपाकघरात बसला होता. दुधाचे कॅन गाडीत घालून डेअरीवर पोचवायचं काम त्याचं, आणि आजचे कॅन अर्धेच भरले होते.

"त्यातून तिची कास सुजलीय," तो म्हणाला. "एक बाजू दगड झालीय नुसती. दादा कपाट उघडतोय."

दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, कपाट उघडणं ही त्या घरातली मोठी घटना असे. जनावरांच्या खऱ्या डॉक्टरांकडे इतकी गावं होती की ते यायचे तेव्हाच यायचे. फार पूर्वी असंच एकदा आले असता दादांनी त्यांच्यासाठी गाय धरली, सुई कशी टोचतात ते नीट पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच टोचायला लागले. तेव्हापासून गोठ्याच्या भिंतीतलं कपाट बाटल्यांनी भरत गेलं. घरातले त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे. त्यात थट्टा होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त दादांना नव्हतं.

"उघडू दे," आत्या म्हणाली. वहिनींची ही नणंद अंगठ्याची बातमी ऐकून पहिल्याच गाडीनं आली होती आणि पिशवी खाली ठेवण्याआधी तिनं सगळ्यांना एकेकदा रागावून घेतलं होतं. "आधी या बाईचं बोला. वहिनी, तुम्ही परत का आलात?"

"चहा घ्यायला."

"हॉस्पिटलात चहा मिळत नाही?"

"मिळतो. पण तो पितात का?"

धाकटा हसला. आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हसणं चहाबरोबर गिळलं.

सून ओट्याशी उभी राहून कप भरत होती. ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. नवरा परगावी, त्यामुळे सासूला डॉक्टरांकडे नेणं-आणणं तिच्याकडे होतं. आणि 'तू बरोबर असताना त्या परत आल्याच कशा' हा प्रश्न आत्याच्या डोळ्यांत तिला केव्हाचा दिसत होता. तिनं सगळ्यांना दुधाचा चहा दिला आणि स्वतःसाठी नेहमीसारखा कोरा घेतला.

"हिचं काळं पाणी आलं," आत्या म्हणाली. "अगं, चार गाईंच्या घरात पडलीस आणि दूध पीत नाहीस! आम्ही बघ. या घरात तर औषधाच्या दुधावर वाढलो आम्ही."

"कसल्या दुधावर?"

"औषधाच्या. गाईला सुई दिली की तिचं दूध डेअरीला घालायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. लोकांच्या मुलाबाळांच्या पोटात औषध जायला नको. एक थेंब विकला नाही आजवर." आत्याची मान ताठ झाली. "आणि ओतून द्यायचं म्हटलं तर वडील रागवायचे. मग ते सगळं घरात. आम्ही प्यायचो, वासरं प्यायची."

"अजूनही?"

"अजूनही म्हणजे? नियम आहे तो," धाकटा म्हणाला. "परवा तिसऱ्या गाईला सुई दिली ना दादानं? हा चहा तिचाच."

सुनेनं कप खाली ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं या माणसांचा चोख कारभार पाहिला होता. मापात कधी पाणी नाही, शब्दात कधी खोट नाही. आणि हाच चोखपणा ही माणसं रोज कपात ओतून पीत होती. तिला हसावं की रडावं कळेना. मग तिनं विचारलं, "आत्या, त्या दुधाला दही लागायचं?"

"छे! कधी लागलंय? आई म्हणायची, विरजण रुसलं."

"रुसलं नाही हो, मेलं. दही लावतात तेही जंतूच. दुधातल्या औषधानं ते मरतात. तसेच जंतू आपल्या पोटात असतात, वासरांच्या पोटात असतात, शेणात, कासेवर. रोज थोडं थोडं औषध मिळालं की नाजूक असतात ते मरतात आणि चिवट असतात ते उरतात. त्यांचीच पुढे पिलावळ वाढते. मग खरंच कधी औषध द्यायची वेळ आली, की त्यांना काही होत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू तयार होण्याची प्रक्रिया ही..."

"झालं, फळ्यावर लिहायला लागली," धाकटा म्हणाला.

"म्हणजे आमच्या आईनं आम्हाला विष पाजलं म्हणायचं का तुला?" आत्याचा आवाज चढला. इतका वेळ ती हॉस्पिटलच्या, म्हणजे पर्यायानं सुनेच्या, बाजूनं होती. आता ती उठून धाकट्याच्या शेजारी जाऊन बसली. "ऐकलंत का वहिनी? नियम पाळला तो चुकला!"

वहिनींनी कपातल्या चहाकडे पाहिलं आणि एक घोट घेतला. "बरा झालाय," त्या म्हणाल्या. "साखर कमी आहे."

आपण बोललो ते खरं, पण बोललो वाईट, हे सुनेला कळलं. घरातल्या मेलेल्या माणसांना कुणी असं चहाच्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं का? ती मान खाली घालून म्हणाली, "त्या दुधानंच आईंचा अंगठा बिघडला असं मी म्हणत नाही. तसं छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही. कासेवरचे जंतू जखमेतून हातात गेले असतील. पण जंतू चिवट आहेत हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठे पाहिलंस?"

प्रश्न दारातून आला. दादा हातात सिरिंज घेऊन उभे होते.

दादांच्या मनात त्या वेळी काय होतं ते सांगायला हवं, कारण ते स्वतः कधीच सांगणार नव्हते. बायको परत आल्याचं त्यांनी गोठ्यातून पाहिलं होतं आणि त्यांना आधी आनंद झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली. हॉस्पिटलचं नाव निघालं की ते गोठ्याची वाट धरायचे. त्यावर त्यांनी एक उपायही काढला होता. गाईला सुई देता येते, मग बायकोला का नाही? औषधाचं नाव सुनेकडून घ्यायचं, दुकानातून आणायचं, घरीच टोचायचं. अंगठा बरा, बायको घरात, बाईसाहेब खूश.

"कुठे पाहिलंस म्हणतोय."

"लॅबमध्ये, बाबा. आईंच्या जखमेतले जंतू एका ताटलीत वाढवले. त्या ताटलीत वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं, की चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळं रिंगण दिसतं. आईंच्या ताटलीत..." ती थांबली. "बहुतेक चकत्यांना रिंगणच नव्हतं. जंतू अगदी चकतीला चिकटून वाढले होते."

"कुठल्या चकत्या?"

तिनं औषधांची नावं सांगितली. आत्याला आणि धाकट्याला त्यातलं काही कळलं नाही. दादांना कळलं. ते गोठ्यात गेले आणि दोन बाटल्या घेऊन आले.

"ही लाल झाकणाची. ही त्यातली?"

सुनेनं बाटलीवरचं नाव वाचलं. "हो बाबा. नाही चालली."

दादांनी बाटली जमिनीवर ठेवली. "ही पिवळी?"

"ही पण."

ते पुन्हा गेले. या खेपेला त्यांनी जखमेवर टाकायची पावडर आणली, कासेच्या सडात सोडायची औषधाची नळी आणली. त्या पावडरीवर त्यांचा भारी विश्वास. गाईला खरचटलं तरी तीच, घरातल्या कुणाला खरचटलं तरी तीच, आणि वहिनींचा अंगठा कापला तेव्हाही त्यांनी सगळ्यात आधी तीच चिमूटभर दाबली होती. सून एकेक हातात घ्यायची, वाचायची आणि मान हलवायची. कुणी थट्टा करेना. स्वयंपाकघराच्या फरशीवर बाटल्यांची रांग वाढत गेली.

शेवटी दादांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. नवी, सील न फोडलेली. "ही दुकानदारानं परवाच दिली. सगळ्यात भारी म्हणाला. आत्ता बाईसाहेबांना देणार होतो."

सुनेनं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"बाबा, औषधांचीही घराणी असतात. आईंच्या ताटलीत रिंगण दिसलं ते फक्त याच घराण्यातल्या चकतीभोवती. आईंना हॉस्पिटलात द्यायचं ते याचंच भावंड."

"म्हणजे हे चालतं."

"आज चालतं."

दादांना जे कळायचं ते कळलं. ही सुई आज बाईसाहेबांना गेली असती. तिचं दूध नियमाप्रमाणे घरात आलं असतं. आपण सगळे प्यायलो असतो, वासरांना पाजलं असतं, आणि हे रिंगणही एक दिवस बुजलं असतं. त्यांनी बाटली सुनेच्या हातातून अलगद घेतली आणि सिरिंज ओट्यावर ठेवून दिली.

"मी म्हटलं होतं," आत्या म्हणाली. तिनं काहीच म्हटलं नव्हतं, पण ती पुन्हा उठून सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अरे पण गाय?" धाकटा म्हणाला. "डॉक्टर येईपर्यंत तिनं काय करायचं? सुई नसती तर मागच्या वर्षी दुसरी गेलीच असती. दादानं वाचवली तिला."

"वाचवली," सून लगेच म्हणाली. "तेव्हा सुई लागतच होती, काका. लागेल तेव्हा द्यायचीच. पण लागते की नाही हे कुणाला तरी विचारून. ते येऊ शकत नसतील, फोन तर घेतील?"

फोन घेतला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, गाय खाते का? खाते. ताप आहे का? दादांनी मोजला होता, नाही. मग त्यांनी सांगितलं की सध्या सुई नको. स्वच्छ बाटलीत दुधाचा नमुना पाठवा, तो तपासून काय ते सांगतो. तोवर कास गरम फडक्यानं शेका आणि सुजलेल्या बाजूचं दूध थोड्या थोड्या वेळानं हातानं पूर्ण काढत राहा. ते दूध खड्ड्यात ओता. वासरांनाही नको. ताप आला किंवा खाणं सोडलं, तर लगेच कळवा.

"हातानं काढत राहा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. "झालं तर! मग मी कशी जाणार?"

"वहिनी!"

"अहो, तुम्हीच सांगा यांना." वहिनी नवऱ्याकडे वळल्या. एरवी धारेच्या बाबतीत त्या त्यांना विचारत नसत, पण आज तो हक्काचा माणूस होता. "ती दुसऱ्या कुणाला हात लावू देते का? डावा हात चांगला आहे माझा. गाय बरी झाली की मी जाते. तुम्हालाही मी घरात हवी आहे की नको?"

दादांनी खाली पाहिलं. "हवी आहेस."

"बघा!"

"म्हणूनच जा."

वहिनींचा विश्वास बसेना. "इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही पहिल्यांदा माझ्या विरुद्ध बोललात. तेही सुनेसमोर!"

"नणंदेसमोरही," आत्यानं भर घातली.

"आई," सून पुढे आली. आता तिच्या आवाजात फळा नव्हता. "त्या अंगठ्यात जे जंतू आहेत ना, ते तुमच्या हातातून बाईसाहेबांच्या कासेत जातील. बँडेज असलं तरी. मग तिलाही कुठलं औषध लागू पडणार नाही. मला तुमचीही भीती वाटते आणि तिचीही."

वहिनींनी बँडेजकडे पाहिलं. अंगठा गेला तर काय होईल याचा विचार त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून केला होता, आणि तो कुणाला सांगायचा नाही असं ठरवून त्या घरी आल्या होत्या. अंगठ्याशिवाय धार निघत नाही. आणि धार काढता आली नाही, तर या घरात आपलं नक्की काय काम उरलं, हे त्यांना सुचलं नव्हतं. पण आपल्या हातानं गाईला दुखणं द्यायचं? ते मात्र त्यांच्यानं होणार नव्हतं.

"मग काढणार कोण?" त्यांनी हळूच विचारलं. "भावजींचा गुडघा तर गेला."

"मी," दादा म्हणाले.

धाकटा फडकं धरल्या हातानं हसत सुटला. आत्याही हसली. वहिनींना हसायचं नव्हतं, तरी त्या हसल्याच, कारण बाईसाहेबांच्या लेखी दादा म्हणजे सुई आणणारा माणूस. ते नुसते दारात दिसले तरी ती कान मागे पाडायची.

"हसा," दादा म्हणाले. "सुई का देत होतो मी एवढ्या तेवढ्याला? हातानं काढत बसायचं म्हणजे हिचे हात रात्रभर दुखायचे. मी बघत नव्हतो होय? सुई दिली की ही झोपायची."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा फार गरम असल्याचं सांगितलं. तो केव्हाच गार झाला होता.

गोठ्यात दादांनी साबणानं हात धुतले. सुनेनं सांगितलं म्हणून पुन्हा धुतले आणि तिनं दिलेले हातमोजे चढवले. वहिनी बाईसाहेबांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि डाव्या हातानं तिचं कपाळ खाजवू लागल्या. दादा पाट घेऊन खाली बसले. बाईसाहेबांनी पाय उचलला. वहिनींनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पाय हवेत थांबला आणि मोठ्या नाखुशीनं खाली आला.

"काय सांगितलंस तिला?"

"आमचं आमच्यात. मूठ वरून बंद करत खाली या. ओढू नका. दोरी नाही ती."

पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग दादांच्या बाहीत आलं. सुनेनं स्वच्छ बाटली पुढे करून नमुन्यापुरतं घेतलं आणि धाकट्याकडे दिलं. वाटेत जनावरांच्या दवाखान्यात तो ते देणार होता. मग घट्ट, गुठळ्यांचं दूध बादलीत पडायला लागलं. दादांच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. वहिनींनी पदराच्या टोकानं त्यांचं कपाळ टिपलं.

बाहेर धाकट्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. आत्यानं वहिनींची पिशवी गाडीत ठेवली होती. सोबत राहायला ती स्वतः निघाली होती, आणि 'हॉस्पिटलातला चहा मी बघून घेते' असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

वहिनींनी बाईसाहेबांच्या कपाळावरचा हात हळूहळू काढला. तिथे सुनेचा हात ठेवला. गाईनं नाक फेंदारलं, पण ती उभी राहिली.

"येते," वहिनी म्हणाल्या.

दादांनी मान वर केली नाही. वर केली असती तर भरलेले डोळे दिसले असते. "अंगठ्यासकट ये," ते म्हणाले, आणि मग इतक्या हळू की फक्त दोघींना ऐकू गेलं, "मला भीती वाटते गं."

वहिनी दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून त्या मागे वळल्या.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "हात थांबवू नका. थोडं जरी आत राहिलं ना, तर परत कास सुजेल तिची."

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत दादांनी हात थांबवला नाही.